अध्यक्षांच्या दारातला फौजदार

मी फौजदार बोलतोय. दचकू नका, मी पोलिसातला नाही. मी कुत्रा आहे. रंग तांबूस, एक कान फाटका. हे नाव मालकांनी ठेवलं, कारण मी कुणालाच सरळ आत सोडत नाही. आधी वास घेतो, मग ठरवतो.

माझा जन्म वरवे बुद्रुकचा, चिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला. त्याचा बांधाचा खटला उपेंद्रराव वकिलांनी जिंकून दिला, तेव्हा त्याने मला घोंगडीत गुंडाळून त्यांच्या घरी आणलं. वकिलांचं गाव भोर संस्थानातलं, लहानसं, बाजाराचं. वकिलांचं दार सताड उघडं असायचं. कोणीही यावं, ओसरीवर बसावं. त्यांच्या पत्नी मालिनीबाई चहा ठेवायच्या. माझं मात्र तसं नव्हतं. आलेल्याच्या पायांशी मी गुरगुरत बसायचो.

पुढे मालक नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. गावाने हार घातले, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्याकडे माझ्यासारखंच बघू लागलं.

त्यांनी चौकात कंदील लावले. लोक म्हणाले, "कोण कुठं जातं ते ह्याला बघायचंय." गटार बांधलं. लोक म्हणाले, "ह्याच्या घराकडनंच का नेलं?" खरं तर उतार तिकडेच होता. मालक हे सगळं ऐकून हसायचे. "फौजदार, गावाला तुझी हवा लागली रे," म्हणायचे.

मग पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. भेंडेआळीत माणसं पटापट गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मालकांनी गावविहिरीत लाल औषध टाकायला लावलं. पाणी जांभळट झालं, आणि गाव हादरलं.

"इख घातलं! अध्यक्षानं इहिरीत इख घातलं!"

सगळे घागरी घेऊन ओढ्यावर जाऊ लागले. ओढ्याच्या वरच्या अंगाला आजारी माणसांचे कपडे धूत होते. मालक घरोघर सांगत फिरले. पुढ्यात दारं लागत गेली. मी मागेच होतो. दारांआडून भीतीचा वास यायचा.

एका सकाळी मालक विहिरीवर जाऊन उभे राहिले. गर्दी जमली. पुढे मानसिंग पैलवान होता, मालकांचा जुना विरोधक.

"तुमी आमाला पाजाय निघालाय," तो म्हणाला. "आदी तुमच्या कुत्र्याला पाजा."

मालकांनी पोहरा ओढला. आधी स्वतः ओंजळभर प्यायले, मग ओंजळ माझ्यापुढे धरली. मी वास घेतला. गंजलेल्या लोखंडासारखा दर्प होता, पण त्याखाली झऱ्याच्या पाण्याचा ओळखीचा वास होता. मी लपालप प्यायलो.

"कुत्रं काय, धनी पाजंल ते पितंय," मानसिंग म्हणाला. "आन् ह्यानं वर उतारा घितला आसंल." माना हलल्या.

तेवढ्यात गर्दीतून ठकुबाई पुढे आली. विहिरीजवळ राहणारी, भाजी विकणारी म्हातारी. मालकांना सगळ्यात जास्त शिव्या तिनेच दिल्या होत्या. तिने मालकांच्या हातचा पोहरा घेतला नाही. स्वतःची घागर सोडली.

"ठके, मरशील!" कोणीतरी ओरडलं.

"माजा ह्या मानसावर इश्वास न्हाई," ती म्हणाली. "पर वड्याचं पानी पिऊन माजी सून हातरुनाला खिळलीया. त्या वड्यावर तरी कसा ठिवू?"

ती प्यायली आणि तिथेच काठावर बसून राहिली. लोक तिच्याकडे टक लावून बघत होते. दुपार कलली तरी म्हातारी मेली नाही, उलट ऊन लागतं म्हणून कुरकुरू लागली. तेव्हा एकेक दोर विहिरीत उतरू लागले.

साथ हटली. ठकुबाईची सून वाचली.

मला वाटलं, आता तरी गाव शेपूट हलवील. पण निवडणुकीच्या तोंडावर नवीन कुजबुज निघाली. औषध इतकं तयार कसं होतं? रोगही ह्यानेच आणला असेल, नाव मिळवायला! मालक पडले. मानसिंग अध्यक्ष झाला. मालक स्वतः हार घेऊन गेले, तेव्हा मान वाकवण्याआधी मानसिंगाने फुलं निरखून पाहिली. मालकांनी ते पाहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदाच दाराला आतून कडी घातली.

आता मी म्हातारा झालोय. दात गेले, नाक तेवढं शाबूत आहे. मालक वकिली करतात, पण आमचं दार बंद असतं. कडी वाजली की मी उठायच्या आत ते खिडकीच्या फटीतून बघतात. कोण आहे, काय हवंय, बरोबर कोण आहे. मालिनीबाई म्हणतात, "अहो, दूधवाला आहे." तरी ते थोडा वेळ बघतच राहतात. माझं काम त्यांनी घेतलं, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही.

तुम्ही कधी आमच्या दारी आलात, तर रस्त्यावरूनच मोठ्याने नाव सांगा. मी भुंकणार नाही, शब्द देतो. कडी निघायला उशीर लागेल. तेवढं थांबा. परत जाऊ नका.