बाजरीच्या कोठीतले पुस्तक

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर दोन लांब सुळे आहेत आणि त्यांच्या टोकाशी रक्ताचा एक थेंब. ते बघून मला खाली ठेवू नका. मी एक जुने पुस्तक आहे आणि आजवर कुणालाही चावलेलो नाही. तरीही माझ्यामुळे एका घरात जे घडले, ते चावण्याहून वाईट होते असे मला कधी कधी वाटते. खरेच माझ्यामुळे घडले का, ते तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेले नाही.

माझा जन्म परदेशातला. तिथे एका लहानशा वाहिनीवर रक्तपिशाच्चांची एक मालिका लागत असे. कोल्डफेरी नावाचे कल्पित बंदर, आणि तिथे शेजारी शेजारी राहणारी माणसे आणि पिशाच्चे, एवढीच गोष्ट. बघणारे थोडे होते, पण जे होते ते जीव टाकून बघत. एके दिवशी मालिका मध्येच बंद पडली. आता काय करावे हे त्या थोड्या लोकांना सुचेना, म्हणून ते लिहायला बसले. कुणी प्रत्येक भागाची हकिगत लिहिली, कुणी पिशाच्चांच्या तोंडच्या शब्दांचा कोश केला. माझ्यात निबंध आहेत. एका शिंप्याने पिशाच्चांच्या कोटांवर लिहिले आहे, एका शिक्षिकेने त्या गावातल्या मुलींवर, आणि दोघांनी शेवटच्या भागावरून माझ्याच पानांत कडाक्याचे भांडण केले आहे. अशी आम्ही पुष्कळ भावंडे. मोठ्या ग्रंथांच्या कपाटात आम्हाला जागा नसते. गोष्टच खोटी, आणि त्या खोट्या गोष्टीवर लिहिलेले आम्ही! आपला उपयोग तो काय, असे मला फार वर्षे वाटत असे.

एका वाचनालयाने मला घेतले, बरीच वर्षे कपाटात ठेवले आणि मग रद्दीत काढले. गठ्ठ्यात बांधून मी समुद्र ओलांडला आणि पुण्याच्या एका फुटपाथवर उन्हात येऊन पडलो. तिथे जोसेफ नावाच्या माणसाने मला उचलले. त्याची भाची एंजेला नगरला राहत होती आणि ती जुनी मालिका मोबाईलवर बघत होती. "घे बये, तुझ्या भुतांचं बायबल," असे म्हणून त्याने मला तिच्या हातात दिले.

नगरला लागूनच असलेल्या भिंगारला चर्चच्या मागे बैठ्या घरांची एक रांग आहे. त्यातल्या एका घरात एंजेला आजी-आजोबांजवळ राहत होती. आई नव्हती, वडिलांनी पुण्यात दुसरा संसार मांडला होता. ती कॉलेजात जाई, पण तिच्या अंगात रक्त टिकत नसे. त्या आजाराला थॅलेसेमिया म्हणतात. दर काही आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन दुसऱ्याचे रक्त चढवून घ्यावे लागे. लहानपणापासून असेच चालले होते.

तिचे आजोबा आमोस मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी जून महिना आला की आळीतल्या सगळ्या मुलांची पुस्तके त्यांच्याकडे येत, कारण त्यांच्यासारखे कव्हर घालणे दुसऱ्या कुणाला जमत नसे. खाकी कागद, आत दुमडलेले कोपरे आणि पाठीवर सुईदोऱ्याचे दोन टाके. माझे सुळे बघून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला मुकाट्याने असेच एक कव्हर घातले. वर सुंदर अक्षरात लिहिले, 'एंजेला'. आयुष्यात पहिल्यांदा मी सभ्य दिसू लागलो.

दवाखान्यात एका हाताला सुई लावली की एंजेला दुसऱ्या हाताने मला उघडे, आणि नेहमी एकाच निबंधापाशी. तो कोल्डफेरीतल्या टोबायस नावाच्या म्हाताऱ्या न्हाव्यावर आहे. टोबायस पिशाच्च आहे. दिवसभर त्याच्या वस्तऱ्याखाली माणसांचे गळे असतात, पण तो कुणाला चावत नाही. भूक असह्य झाली की तो दवाखान्याच्या मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहतो. तिथली एक परिचारिका त्याला उरलेली बाटली देते. तो ती दोन्ही हातांनी घेतो आणि विचारतो, "हे कुणाचे?" निबंध लिहिणारी बाई म्हणते की, जो दाराशी थांबून मागतो आणि देणाऱ्याची आठवण ठेवतो, त्याला चोर म्हणू नये.

एंजेलाला लहानपणी शाळेत एका मुलीने चिडवले होते, "लोकांचं रक्त पिती ही!" ते तिच्या मनातून गेले नव्हते. हा निबंध वाचायला लागल्यापासून मात्र ती हसू लागली. रक्ताची पिशवी लागली की तीही नर्सला विचारी, "ताई, हे कुणाचं?" नर्सला काय ठाऊक! मग ती स्वतःच ठरवून टाकी.

घरी आल्यावर तेच पुढे चाले.

"आजी, आज पोलिसाचं रक्त दिलंय बहुतेक. सारखी शिट्टी मारावीशी वाटतीय."

"मार की. पर अभ्यास कर म्हनावं त्या पोलिसाला," आजी म्हणे.

"मागच्या वेळचं घोडेगावच्या बाजारातल्या म्हशीवाल्याचं होतं. कॉलेजात सगळ्यांचे दात बघत हिंडत होते मी."

आजीचे नाव मार्था. ती हसून हसून पदराने डोळे पुशी.

त्यांचा आणखी एक खेळ होता. पिशाच्चाला कुणी 'ये' म्हटल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडता येत नाही, असा त्या मालिकेतला नियम. दवाखान्यातून आल्यावर एंजेला दारातच उभी राही. "आजी, ये म्हण. नाहीतर मी इथंच!" आजी पिठाच्या हाताने बाहेर येई आणि म्हणे, "ये माय, ये आत." मगच ती पाऊल टाकी. मी तिच्या पिशवीतून हे ऐकत असे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस चांगले होते.

पुढे तिचे रक्त लवकर लवकर उतरू लागले. चेहरा मेणासारखा दिसू लागला. औषधे बदलली तरी फरक पडेना. चर्चमधल्या बायका प्रार्थनेला घरी आल्या. त्यांतली रतनबाई पलंगावर टेकली आणि तिचा हात उशाखाली माझ्यावर पडला. कव्हर थोडे सरकले होते. तिने ते आणखी सरकवले आणि दचकून मला खाली टाकले.

"अगं मार्था, हे काय!"

"पोरीचं पुस्तक हाय. टीव्हीतल्या गोष्टी."

"रक्त पिनाऱ्याचं चित्र लेकराच्या उशाखाली ठिवती, आन् वर आमाला प्रार्थना कराया बोलवती? त्या लेकराचं रक्त टिकंल कसं?"

मार्थाबाईने मला जमिनीवरून उचलले. बायका गेल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. तिला इंग्रजी येत नव्हते. तिला फक्त सुळे दिसत होते आणि त्यावरचा थेंब. तिच्या जागी मी असतो तर मलाही दुसरे काय दिसले असते?

दवाखान्याचा दिवस आला तेव्हा एंजेला अंघोळीला गेली होती. मार्थाबाईने मला पिशवीतून काढले. मास्तरांनी घातलेले खाकी कव्हर हलक्या हाताने सोडवले, टाके न उसवता. मग आपले बायबल घेतले, ते माझ्याच आकाराचे होते, आणि माझे कव्हर त्याला चढवले. 'एंजेला' हे नाव बायबलावर गेले आणि बायबल पिशवीत. मला तिने स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या कोठीत बाजरीत खोल खुपसले आणि वर कडुलिंबाचा पाला पसरला. पाल्याने बाजरीला कीड लागत नाही. माझी कीडही त्याने मरेल असे तिला वाटले असावे. पाला पसरताना ती देवाचे नाव घेत होती. ते हात प्रेमाचे होते, हे मी शपथेवर सांगेन.

कोठीत दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते.

संध्याकाळी मास्तर आणि एंजेला दवाखान्यातून परत आले. मास्तरांचा आवाज आधी आत आला. "आज पोर गप्पच होती गं. सुई लागल्यावर पुस्तक उघडलं, आणि लगेच मिटून टाकलं. नर्सला काही विचारलंसुद्धा नाही."

मार्थाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. दारात एंजेला उभी असावी, कारण तिच्या चपलांचा आवाज आला नव्हता. मी वाट पाहत होतो. या वेळी ती काही म्हणाली नाही, फक्त उभी राहिली. आजीच्या तोंडी 'ये' आले होते का? मला वाटते, आले होते. पण रतनबाईचे शब्द तिला आठवले असावेत. तो खेळ आता तिला खेळ वाटत नव्हता. ती नुसती भाकरी थापत राहिली.

थोड्या वेळाने चपला वाजल्या. एंजेला आपली आपण आत आली होती.

त्यानंतर तिने माझ्याबद्दल कधी विचारले नाही. मला जाळले असेच तिला वाटले असणार. पोर भांडली तर आपणही दोन शब्द बोलू आणि पुस्तक देऊन टाकू, म्हणून आजी थांबली. आजी आपणहून देईल म्हणून पोर थांबली. मधे पत्र्याची कोठी होती आणि कोठीत मी होतो. मला ओरडता आले असते तर!

उन्हाळा आला. उन्हाळ्यात रक्तपेढीत रक्त कमी असते. अशा वेळी मास्तर चर्चच्या तरुण मुलांना फोन करीत आणि मुले रक्त द्यायला येत.

"एंजेला, पोरांना फोन लावू का? रक्त चढवायचा दिवस जवळ आला."

"नको आजोबा. परीक्षा होऊ द्या."

"अगं, पण तोंड बघ तुझं."

"नको म्हटलं ना! किती जणांचं पिणार मी?"

स्वयंपाकघरात पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मार्थाबाईने ते ऐकले होते. ती कोठीपाशी आली आणि झाकणावर तिचा हात पडला. मला वाटले, आता ती मला बाहेर काढेल. पण बाहेर प्रार्थनेच्या बायकांचा आवाज आला आणि हात मागे गेला.

परीक्षा झाली नाही. त्याआधीच एंजेलाला ताप भरला. घाईघाईने रिक्षा आली आणि घर रिकामे झाले. नंतर घरात पुष्कळ माणसे आली, पण तिचा आवाज त्यांत नव्हता.

जोसेफ रडत रडत कुणाला तरी सांगत होता ते मी ऐकले. वर्षानुवर्षे चढवलेल्या रक्तातून अंगात लोह साठून तिचे हृदय थकलेच होते म्हणे. मास्तरांनी डॉक्टरांना विचारले होते, "वेळेवर रक्त दिलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले होते, "तसं सांगता येत नाही, मास्तर." हे वाक्य त्या घरात अजून कुणी गिळू शकलेले नाही.

शवपेटीत माणसाच्या हाताशी त्याचे बायबल ठेवतात. कुणीतरी तिच्या पिशवीतून खाकी कव्हरचे पुस्तक काढले, आत बायबल आहे हे बघितले आणि तिच्या हाताशी ठेवले. सगळ्यांना समाधान वाटले. माझे कव्हर, त्यावरचे ते सुंदर अक्षर आणि पाठीवरचे दोन टाके तिच्याबरोबर मातीत गेले. कव्हर मातीत आणि मी बाजरीत!

बरेच दिवस घरात भाकरी झाली नाही, शेजारून डबा येई. एका संध्याकाळी मार्थाबाई दळणासाठी बाजरी काढायला बसली आणि तिचा हात माझ्यावर आला. तिने मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि मास्तरांपुढे ठेवले.

"अवो, हे वाचा. जिथं पोर सारखी उघडायची, तिथलं वाचा."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "हे इथं? मग तिच्या हाताशी..."

"आधी वाचा."

"मी याला कव्हर घातलं मार्था, पण आत कधी बघितलं नाही," मास्तर म्हणाले. एवढे वाचणारा माणूस, पण सुळ्यांना बिचकला होता. मी आपोआप त्या निबंधापाशी उघडलो; पानाला तशी सवयच लागली होती. ते एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. न्हावी, दवाखान्याचे मागचे दार, टोपी, 'हे कुणाचे?' ते विचारणे. चोर म्हणू नये, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचले.

मार्थाबाई जमिनीकडे बघत होती. "मग पुढं? त्याला घरात घेतलं का न्हाई?"

मास्तरांनी पान उलटले. "शेवटच्या भागात तो त्या परिचारिकेच्या घराच्या दाराशी उभा आहे. ती दार उघडते. आणि मालिका तिथंच बंद पडली. ती ये म्हणाली का नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. ही बाई लिहिते, लोक अजून त्यावरून भांडतात."

मार्थाबाई उठली. गुडघ्याला हात लावत दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिच्या हाताला बाजरीचे पीठ नव्हते, कडुलिंबाचा वाळका पाला चिकटला होता.

"ये माय," ती म्हणाली. "ये आत."

बाहेर गल्लीत कुणी नव्हते.

मित्रांनो, मी मोठे पुस्तक नाही. मी त्या पोरीच्या उशाशी राहिलो असतो तर ती वाचली असती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि ते एखादी क्षुल्लक, वेडीविद्री, तुम्हाला नकोशी वाटणारी वस्तू घट्ट धरून बसले असेल, तर ती काढून घेण्याआधी एकदा उघडून बघा. वाचता येत नसेल तर त्यालाच विचारा, यात काय आहे रे? आणि कुणी दाराशी उभे असेल, तर तव्यावरची भाकरी करपू द्या, पण त्याला आत बोलवा.

मला आता कव्हर नाही. मास्तरांनी खाकी कागद आणला होता. मार्थाबाईने घालू दिले नाही. बायबलाच्या रिकाम्या जागी तिने मला उघडेच ठेवले आहे, सुळे बाहेर करून. तिथून दार दिसते. रोज संध्याकाळी दार लोटण्याआधी ती उंबऱ्याशी थांबते आणि तेच शब्द म्हणते. मग थोडी वाट बघते. मीही बघतो.

मग ती दार लावून घेते.