माझ्या यादीत नसलेलं नाव

"काका, प्रोसेसर तुम्ही नीट बघून देता, की हाताला लागला तो देता?"

मित्रांनो, हा प्रश्न माझा नाही. मी एक जुना कॉम्प्युटर आहे. एक प्रश्न सोडला तर विचारणं माझ्या स्वभावात नाही. मला विचारलं की मी उत्तर द्यायचो, तेही शेवटी शेवटी फार सावकाश. हा प्रश्न आमच्या घरच्या मुलीने विचारला, भर दुकानात, तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. ते दुरुस्तीवाले काका एक नंबरचे खडूस. गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाहीत. "हिंमत असेल तर त्यांना विचारून दाखव," असं मैत्रिणी म्हणाल्या. आमच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते उगाच म्हणत नाहीत. हिंमत नाही असं कोणी म्हटलं की ती गरकन फिरलीच. तिने विचारलं, आणि तिथून माझे ग्रह फिरले.

पण सगळं नीट पहिल्यापासून सांगतो. आता मला दुसरं काम तरी काय आहे?

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या बायका ओळीने उभ्या होत्या. एकीने पेटी पुढे सरकवली, दुसरीने तिच्यात बोर्ड बसवला, तिसरीने पंखा, आणि चौथीने जांभई देत माझ्या पोटावर स्टिकर चिकटवलं. ते अजून थोडं वाकडंच आहे. कोणी हौसेने एकेक सुटा भाग निवडून मला जुळवलं नाही. मी कंपनीतून तयार होऊनच आलो. दुकानातून तयार सदरा आणावा तसा. सदरा अंगावर छान बसतो, पण पुढे सैल करायला जावं तर शिवणीत माया सोडलेलीच नसते.

माझा मेंदू म्हणजे प्रोसेसर. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. बोर्डावर त्याच्यासाठी एक खोबण आहे आणि त्या खोबणीत केसांसारख्या बारीक, सोनेरी पिना आहेत. अकराशे एक्कावन्न! शिवाय माझ्या बोर्डाच्या आठवणीत कंपनीने एक छोटीशी यादी लिहून ठेवली आहे: कोणकोणत्या प्रोसेसरला ओळख द्यायची. माझं बटण दाबलं की मी सगळ्यात आधी खोबणीत बसलेल्याला विचारतो, "तू कोण?" त्याचं नाव यादीत असलं तर घर त्याचं. नसलं तर कोणी का असेना, मी दार उघडत नाही. मला तेव्हा हसू यायचं. रोज तोच तर आत बसलेला असतो, रोज काय विचारायचं?

या घरी आलो तेव्हा भिंगरी दुसरीत होती. तिचे बाबा घरांचे नकाशे काढतात. घर बांधणार लोक, राहणार लोक, पण जिना कुठून चढेल आणि न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला उघडेल हे ठरतं माझ्या पडद्यावर. खिडकीखालचं टेबल माझं. बाबा कानाला पेन्सिल लावून बसायचे. ती पेन्सिल त्यांना कधीच लागायची नाही, पण कानावर नसली तर काम सुचायचं नाही. "चला, राजे," म्हणून ते माझं बटण दाबायचे. राजे! अख्ख्या आयुष्यात मला एवढा मान कोणी दिला नाही.

आई बायकांना मोटार चालवायला शिकवते. त्यामुळे घरातसुद्धा तिचा एक पाय ब्रेकवर असतो. भिंगरी पळत आली की आई ओरडते, "वळणावर हळू!" ती मला पुसताना म्हणायची, "या घरात सांगितलेलं ऐकणारा हा एकटाच." मी आनंदाने घरघरायचो. माझ्यावर चारशेच्या वर नकाशे झाले. एकदाही मी बाबांची तारीख चुकवली नाही.

मग म्हातारपण आलं. बाबांना काम देणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमनी कळवलं की यापुढे नकाशे नव्या प्रोग्रॅममध्येच हवेत, भिंती उभ्या दिसतात त्यात. बाबांनी तो माझ्यात घातला. मित्रांनो, मी जीव तोडून धावलो. पण एक भिंत उभी करायला मला चार मिनिटं लागायची, आणि खिडकी काढली की मी गारच पडायचो. बाबा पेन्सिल कानावरून काढायचे आणि तिला टोक करत बसायचे. टोक करून करून ती अंगठ्याएवढी उरली.

"दुसरा घ्यायचा का?" आईने विचारलं.

"आत्ता कुठून घेणार?" बाबा म्हणाले.

"घ्यायचाच कशाला?" भिंगरी टेबलावर चढूनच बसली. "नुसता मेंदू बदलू! शाळेतले तीन कॉम्प्युटर मी चालू केलेत, बाबा. सर म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे."

शाळेतल्या त्या तिघांच्या फक्त वायरी सैल झाल्या होत्या. पण पंधराव्या वर्षी हाताला गुण आहे असं कोणी म्हटलं की माणूस जमिनीवर राहत नाही. बाबांचा चेहरा एवढा उजळला की मलाच भरून आलं. त्यांनी लगेच मॅडमना फोन लावला. "सोमवारी सगळे नकाशे नव्या पद्धतीने देतो. माझी मुलगीच मशीन तयार करून देतेय. फार हुशार आहे हो!"

आता तो दुकानातला प्रकार. मी तिथे नव्हतो, पण भिंगरीने तो माझ्यासमोर बसून फोनवर तिसऱ्या मैत्रिणीला हसत हसत सांगितला. तो प्रश्न ऐकल्यावर काकांनी पहिल्यांदा मान वर केली म्हणे.

"बघून देतो. बोर्डाचा नंबर आण, मग बघतो."

"खोबण अकराशे एक्कावन्नची आहे ना! नेटवर वाचलंय मी."

"चपलेचा नंबर जुळला म्हणजे चप्पल आपली होत नाही, बाई. तयार मशीन आहे का? त्यात कंपनी मोजकेच प्रोसेसर चालू देते. पेटी उघड, बोर्डावर बारीक अक्षरात नंबर असतो, तो बघ. त्यावरून यादी मिळते. बघितलास का?"

मैत्रिणी मागे तोंड दाबून हसत होत्या.

"बघितला," भिंगरी म्हणाली. "जुळतो."

तिने बघितला नव्हता. माझं झाकणसुद्धा तोवर कोणी उघडलं नव्हतं. फोनवर ती म्हणाली, "अगं, त्या दोघींसमोर काय 'नाही' म्हणू? नाकच कापलं गेलं असतं. आणि पिना तेवढ्याच आहेत, जाणार कुठे?" काकांनी तिला प्रोसेसर दिला आणि बजावलं, पाकीट फोडलं की परत घेणार नाही.

शनिवारी दुपारी तिने मला आडवं केलं. समोर मोबाईलवर व्हिडिओ, हातात स्क्रू-ड्रायव्हर. दार लोटून बाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते. "येऊ का आत?" "नाही! ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचं!" ती खदखदून हसली. मीही हसलो असतो. तिने पंखा काढला, मेंदू गार ठेवणारा जुना लेप कापसाने पुसला आणि माझा मेंदू हलकेच उचलला. खरंच, हात चांगले होते तिचे. तो नंबर तिच्या मनगटापासून चार बोटांवर होता. बारीक, पण पांढरा, स्वच्छ. एकदा वाचला असता तर!

नवा प्रोसेसर खोबणीत अलगद बसला. जणू तिथलाच. तिने बटण दाबलं.

मी विचारलं, "तू कोण?"

त्याने नाव सांगितलं. मी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. परत पाहिली. माझ्या यादीतले सगळे सहाव्या आणि सातव्या पिढीचे. हा आठव्या पिढीचा. गुणी होता, चपळ होता, पिना तेवढ्याच होत्या, पण त्याचं नाव माझ्याकडे नव्हतं. मी काय करणार? पंखा फिरला, दिवा लुकलुकला, पडदा मात्र काळा. 

तेवढ्यावर निभावलं असतं तरी मी वाचलो असतो. जुना मेंदू परत ठेवला की झालं. तिने नवा काढून जुना खोबणीवर धरलाही. पण बाहेरून बाबांनी विचारलं, "झालं का गं?" आणि ती दचकली. जुना प्रोसेसर तिच्या घामेजल्या बोटांतून निसटला आणि कोपऱ्यावर, थेट पिनांवर आदळला. चार पिना आडव्या झाल्या. तिने सुईने त्या उभ्या करायला घेतल्या. तीन उभ्या राहिल्या. चौथी मोडली.

त्यानंतर मी कोणालाच "तू कोण" विचारलेलं नाही.

"दुकानदाराने चुकीचा दिला," ती बाबांना म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

आई खवळली. "पोरीला एकटी बघून गंडवलं मेल्याने! मी बघते त्याच्याकडे!"

"तू थांब, मी जातो," म्हणत बाबांनी मला उचललं. काकांच्या काउंटरवर माझं झाकण उघडलं गेलं. काकांनी टॉर्च लावली, पांढरा नंबर वाचला, मग खोबणीत भिंग धरून बराच वेळ पाहिलं.

"नकाशे शाबूत आहेत. ते काढून देतो. बाकी संपलं."

"दुसरा बोर्ड?"

"या पेटीसाठी कंपनीने वेगळा केलेला. आता येत नाही." काकांनी भिंग खाली ठेवलं. "रागावू नका, पण मी विचारलं होतं तिला, नंबर बघितलास का म्हणून. 'बघितला' म्हणाली."

बाबांनी माझं झाकण लावलं. "लहान आहे," एवढंच ते बोलले. घरी येताना त्यांनी मला छातीशी धरलं होतं. त्यांचा श्वास माझ्या पत्र्यावर लागत होता. काकांचं बोलणं त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी मॅडमचा फोन आला. बाबा माझे स्क्रू घट्ट करत होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. मेलेल्याचे स्क्रू कशाला घट्ट करायचे, पण करत होते.

"उद्या देताय ना? मुलीने केलं का मशीन?"

मी भिंगरीकडे पाहिलं. ती दाराआड उभी होती, ओढणी दातात धरून.

"मुलीने चोख केलं, मॅडम," बाबा म्हणाले. "मशीनचा प्रश्नच नाही. मलाच ती नवी पद्धत जमत नाहीये. वय झालं आता."

मॅडम पलीकडून म्हणाल्या, "अरेरे. मग असं करू, ही कामं मी दुसरीकडे देते. वाईट वाटून घेऊ नका हं."

"छे, छे," बाबा म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही दोनदा म्हणाले, "छे, छे."

मित्रांनो, आठ वर्षं त्या माणसाचा हात माझ्यावर होता. त्याला काय जमतं ते मला ठाऊक आहे. ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्यात आता पंखासुद्धा फिरत नाही. मी परत चालू होणार नाही. माझी पेटी भंगारात जाईल आणि ते वाकडं स्टिकरही जाईल. त्याचं मी सोसलं असतं. यंत्र म्हातारं होतंच. पण जाता जाता माझ्यामुळे बाबांनी स्वतःला नालायक म्हणवून घेतलं, ते मला सोसत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो: कुठलंही झाकण उघडा, खुशाल उघडा, पण आधी आतला नंबर वाचा. आणि कोणी विचारलं, बघितलंस का, तर न बघितल्याचं सांगायला लाजू नका. मैत्रिणी दोन मिनिटं हसल्या असत्या. बस, दोन मिनिटं.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. आई अजून काकांच्या नावाने बोटं मोडत होती. भिंगरीने ताट पुढे सरकवलं.

"आई, त्यांना काही बोलू नकोस. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोलले."

आईचा घास हातातच राहिला. बाबा खाली बघत म्हणाले, "असू दे गं. जेव."

"नाही असू देणार. मी ऐकलं तुम्ही मॅडमना काय सांगितलंत ते."

"आता सांगून काय उपयोग?" आई हळूच म्हणाली. "काम तर गेलं. ते काही परत यायचं नाही."

"नको येऊ दे." ती ताटावरून उठून उभी राहिली. "उद्या मी शाळेत जाणार नाही. आधी मॅडमच्या ऑफिसात जाणार. बाबांना सगळं जमतं, मशीन मी मोडलं, असं त्यांच्या तोंडावर सांगणार. तुम्ही दोघं नको म्हणालात तरी जाणार."