चेअरमनबाईंचं पत्र

"किसिटू, नोकरीचा फॉर्म आजच द्यायचाय ना? मग टायर काय पुसत बसलायस?" बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींच्या अड्ड्यावरून लुतालो ओरडला.

"बाकी सगळं तयार आहे रे. लायसन्स, फोटो, शाळेचा दाखला. फक्त वस्तीच्या चेअरमनचं पत्र राहिलंय."

"मग जा की घ्यायला!"

"चेअरमन माझ्या सासूबाई आहेत."

लुतालो पोट धरून हसला. बगांडा लोकांच्या घरात जावयाने सासूसमोर जायचं नसतं. तोंड पाहायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. किसिटूची बायको नालुले होती तोवर त्याचे निरोप तीच आईकडे न्यायची. ती गेल्यावर दोन वर्षं वस्तीचे सेक्रेटरी मध्ये पडत. आज तेही गावी मयताला गेलेले, त्याच्या दोन्ही पोरी शाळेत, आणि पार्सल कंपनीची खिडकी चारला बंद होणार.

किसिटू केळीच्या बागेतून गेला आणि दाराकडे पाठ करून खाकरला.

"आई, मी किसिटू."

आतला रेडिओ बंद झाला. "थांबा जावई, पडदा ओढते. हं, बोला."

त्याने मागे न बघता स्टुलावर कागद ठेवले आणि लांब फणसाखाली जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने कागद आत गेल्याची खसखस ऐकू आली.

"कसली नोकरी?"

"घरोघर पार्सलं पोचवायची. गाडी कंपनीची."

"बोडा काय वाईट होता?"

"बोडावर माणसं बसतात आई, ती म्हणतील तेव्हा, म्हणतील तिकडं जावं लागतं. पार्सल तोंड उघडत नाही. सहाला सुट्टी."

नालुलेला मातीत ठेवल्यावर त्यानेच सेक्रेटरींकरवी सांगितलं होतं, माझं येणं-जाणं अवेळी, पोरी तुमच्याकडे राहू द्या. वेळेची नोकरी लागली की नेतो. बाई ते विसरल्या नव्हत्या. किसिटूला चोरी करायला आल्यासारखं वाटलं.

"धाकटी दिव्याशिवाय झोपत नाही. ठाऊक आहे?"

"नाही आई."

"थोरली कच्च्या केळ्यांचं मटोके शेंगदाण्याच्या रश्शाशिवाय शिवत नाही. येतो करता?"

"शिकेन."

"शिकाल! दोन वर्षं काय केलंत?"

"बोडा चालवला."

बाई फुसकन हसल्या की रागावल्या, कळेना. तोंड दिसत असतं तर निदान होकार आहे की नकार तेवढं तरी वाचता आलं असतं. शिक्का सेक्रेटरींच्या पेटीत आहे, असं त्या म्हणाल्या असत्या तर त्याला मुकाट्याने परत फिरावं लागलं असतं, आणि पोरी इथंच राहिल्या असत्या. मुलं बापाच्या कुळाची, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. पण दोन वर्षं त्यांची डोकी धुतली होती ती आजीने.

"पत्र शुक्रवारी नेलंत तर नाही चालायचं?"

"आजचा शेवटचा दिवस आहे आई."

कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. मग आतून शिक्क्याचा आवाज आला, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

"ठेवलंय. मी आत जाते, मग घ्या. आणि गाडी जपून चालवा. पार्सलासाठी जीव देऊ नका, घरी माणसं आहेत."

रस्त्यावर येऊन त्याने पत्र उघडलं. अकरा वर्षांपासून ओळखते, दारू नाही, भांडण नाही, असं सगळं बाईंच्या ठसठशीत अक्षरात होतं. खाली छापील प्रश्न होता: अर्जदारासोबत घरात कोण राहतं? दोन वर्षं तो एका खोलीत एकटा झोपत होता, आणि हे बाईंना त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिथं त्यांनी लिहिलं होतं: दोन मुली, नामुगेन्यी, वय दहा, आणि नाम्पीजा.

नाम्पीजाच्या नावापुढे आधी सहा लिहिलं होतं. ते खोडून सात केलं होतं, आणि खाडाखोडीवर दुसरा शिक्का मारला होता. सोमवारीच तिला सात पूर्ण झाली, हे किसिटूला तिथं, रस्त्याच्या कडेला, गाडी चालू ठेवून उभा असताना आठवलं.