टोपलीतला पाव

कर्टिसची बदली नेपल्सच्या नौदलतळावर झाली आणि टिबेट कुटुंब अमेरिकेहून येऊन एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहू लागलं. तिसऱ्याच सकाळी त्याच्या बायकोच्या, लोर्नाच्या गॅलरीसमोर दोरीला बांधलेली एक टोपली येऊन थांबली. आत गरम पाव होता.

"पाच बदल्या झाल्या आपल्या, पण असं स्वागत कुणी केलं नव्हतं," म्हणत कर्टिसनं पाव उचलला. टोपली रिकामी कशी पाठवायची, म्हणून लोर्नानं तीत मूठभर चॉकलेटं ठेवली. टोपली वर गेली. तीन आठवडे हे रोज चाललं.

मग एकदा खालचा पाववाला तिला म्हणाला, "बाई, तो पाव चौथ्या मजल्यावरच्या असुंतामावशींचा. त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून टोपली सोडतात. ओढताना तुमच्यापाशी जरा दम खातात."

लोर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या नवऱ्याला पुढे घालून, दोन पाव घेऊन ती माफी मागायला वर गेली.

"अगं, पहिल्याच दिवशी कळलं मला," म्हातारी म्हणाली. "पाव काय, सून संध्याकाळी आणतेच. पण डॉक्टरनं गोड बंद केल्यापासून ती मेली माझी कपाटं तपासते. टोपलीत बघायचं तिला कुठलं सुचायला?"

तिनं दोन्ही पाव कर्टिसच्याच हातात परत कोंबले.

"फक्त ती शेंगदाण्याची नको ठेवत जाऊस. दातात अडकतात."