अर्धं शटर

मित्रांनो, मी एक जुनं शटर आहे, एका बेकरीचं. पोचे आलेल्या पट्ट्या, तुटकी स्प्रिंग आणि आवाज असा की कानात बोटं घालाल. घाला खुशाल! मी बोलणारच.

आमच्या धंद्यात अर्ध्या शटरला अर्थ असतो: भट्टी पेटतेय, जरा दम धरा. गल्लीतली पोरंटोरंसुद्धा ते ओळखायची. शेजारचा शिंपी तर रोज मलाच टेकून उभा राहायचा आणि बेकरीवाल्याच्या बायकोला चिडवायचा, "काय वहिनी, आज पाव की विटा?" फार सुखाचे दिवस होते ते.

मग सरकारने भरमसाट नोटा छापल्या आणि महागाई भडकली. लोक खवळले, तसा सरकारने हुकूम काढला: पाव जुन्याच भावाने विका! पण त्या भावात पीठ कोण देणार, कपाळ? गिरण्या थंडावल्या, बेकऱ्या ओस पडल्या. वर सरकारी गाडीवरचा भोंगा गल्लोगल्ली बोंबलत फिरायला लागला, "माल दडवणारे देशाचे शत्रू आहेत! त्यांना सोडू नका!"

एका सकाळी बेकरीवाल्याने पिंप खरवडून शेवटचं पीठ काढलं, भट्टी पेटवली आणि मला अर्ध्यावर ओढलं. झालं! "माल दडवतोय हरामखोर!" बाहेर कोणीतरी ओरडलं. पहारीचा पहिला घाव बसला. तो शिंप्याने घातला होता. मग दगड, सळ्या, लाथा. माझ्या पट्ट्या फाटल्या. बेकरीवाला वाकून बाहेर यायला लागला, "अरे थांबा, भट्टी पेटतेय..."

तेवढ्यात माझी स्प्रिंग तुटली. सगळ्या वजनानिशी मी त्याच्या मानेवर कोसळलो. मला सावरता आलं नाही हो! त्याचं रक्त माझ्या पट्ट्यांवरून उंबऱ्यावर वाहत होतं आणि लोक आम्हा दोघांना तुडवत आत घुसत होते. आत काय होतं? एक परात भिजवलेलं पीठ. त्यासाठीही मुडदे पाडायला निघाले; एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात भट्टीत भाजला.

पुढे सरकारने हुकूम मागे घेतला. पीठ आलं, पाव आला. त्याच भोंग्याने संकट टळल्याचं जाहीर केलं. मेलेल्याबद्दल अवाक्षर नाही.

एकदा शिंपी आला. मान वर होईना त्याची. "वहिनी, मला वाटलं, आत माल आहे."

"अर्धं उघडं होतं, भाऊजी," ती एवढंच म्हणाली.

मित्रांनो, शटरला वेळच्या वेळी तेल घाला, स्प्रिंग तपासून घ्या. आणि भोंग्याने तुमच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, तर पहार उचलण्याआधी एकदा वाकून आत बघा.