आमेनच्या आधी

"काय गं, कुठे पेंड खातंय तुझं घोडं?" सोमवारी सकाळी फूसी आत्याने ऑफिसच्या दारातच लावीनियाला टोमणा मारला. "मोठी हॅकर झालीस ना? की पावत्या फाडायला एक टेबल रिकामं करू?"

लावीनियाने मान खाली घातली. टोंगात बापाच्या बहिणीपुढे खुद्द बाप मान वर करत नाही, तिथे पोरीची काय बिशाद! त्यात आत्या म्हणजे राजधानी नुकुअलोफातल्या या पतसंस्थेची मुख्य. 'आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दाखव' अशी लेखी परवानगी तिनेच सही करून दिली होती. आज शेवटचा दिवस. शिरली तर हॅकिंग शिकवणाऱ्या हाफोका सरांचा कोर्स पास आणि सरकारी सायबर पथकात नोकरी. नाही तर आहेतच पावत्या. आणि मेलं नशीब असं, की बाहेरून केलेला एकही हल्ला लागू पडला नव्हता. आत्याचे पासवर्ड तिच्या स्वभावासारखेच, वाकायचं नाव नाही.

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. सगळे हातातलं काम तसंच टाकून शेजारच्या खोलीत जमले. गाणं उसळलं, माना झुकल्या, डोळे मिटले. लावीनियानेही मिटले, आणि एकदम टक्क उघडले! काचेपलीकडे झाडून सगळे स्क्रीन उजळलेले. एकालाही कुलूप नाही. अगं बाई! मी आठवडाभर भिंतीवर डोकं आपटतेय, आणि दार हे असं सताड उघडं!

प्रार्थनेतून निघून जायचं? तेही आत्या समोर असताना? असलं कुणी जन्मात केलं नव्हतं. पण काम परवानगीतलं होतं. टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कपड्यांवरून कमरेला बांधलेली चटई करकरू नये म्हणून तिने ती दोन्ही हातांनी आवळली आणि मांजरीच्या पावलांनी सटकली. आत्याच्या खुर्चीत बसली तेव्हा तिला इतका आनंद झाला, की हसू दाबता दाबता पुरेवाट. सरांचा नियम पक्का होता: ठरलंय तेवढंच करायचं, लोकांच्या खात्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. तिने कोरं पान उघडलं, टाइप केलं, "लावीनिया येऊन गेली," आणि आमेनच्या आधी परत जागेवर.

थोड्या वेळाने आत्याच्या टेबलापाशी किंकाळी उठली.

"प्रार्थना चालू असताना? देवासमोर? लाज कशी वाटली नाही, कार्टे!"

लावीनियाच्या तोंडातून निघूनच गेलं, "आत्या, चोर काही आमेनपर्यंत थांबत नाही."

फूसी आत्याला उलट उत्तर! कॅशियर तर भिंतीलाच चिकटला. आत्याने आपल्या स्क्रीनकडे पाहिलं, मग इतरांच्या, मग पोरीकडे. आणि स्वतः जाऊन घंटा वाजवली.

"प्रार्थना परत होणार! आधी आपापलं मशीन कुलूपबंद करा, मग देवाचं नाव घ्या."

पुन्हा गाणं सुरू झालं. लावीनियाने मुकाट्याने मान झुकवली, तशी आत्या तिच्या कानाशी कुजबुजली, "तू नको गं डोळे मिटूस. यापुढे तुला त्याचाच पगार मिळणार आहे."