दोन्हीकडे आपलेच

ऑर्लीनने गळ्यातला पास काढला, त्याची फीत त्याच्याभोवतीच गुंडाळली आणि तो पर्सच्या तळाशी ढकलून दिला. त्या पासावर खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेली सावलीतली जागा मिळत होती, थंड पाणी मिळत होतं आणि गोडगोड बोलणारी माणसंही. तिला यातलं काही नको होतं. जिना चढून ती पूर्वेकडच्या उघड्या बाकांकडे गेली. कॉल्डर गावातली जुनी मंडळी तिथे बसत.

कडेला एक म्हातारा उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक विटकी निळी गादी होती.

"इथे कुणी बसलंय का?"

म्हाताऱ्याने गादीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही. बसा, गादीवरच बसा. बाक नुसते तापलेत."

त्याचं नाव हॉइट. त्याच्या पलीकडे निळी टोपी घातलेला, चाळिशीचा रँडल होता. त्याच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नसावी. ऑर्लीन नीट टेकायच्या आत त्याने कोचपासून शेंगांतल्या मिठापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून टाकला होता.

खाली अमेरिकन फुटबॉलचा एप्रिलमधला सराव सामना चालला होता. कॉल्डरच्याच कॉलेजची पोरं, अर्धी निळ्या कपड्यांत, अर्धी पांढऱ्या. दोन्हीकडे आपलेच, त्यामुळे कुणीही काही बरं केलं की सगळं मैदान ओरडत होतं. लाल कपड्यांत दोघेच होते, दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक. चेंडू फेकणारे तेच, आणि सरावात त्यांना कुणी पाडायचं नाही असा नियम. पांढऱ्यांकडचा केल्विन गावातलाच. निळ्यांकडचा थेरॉन यंदा लुइझियानाहून आलेला. तो ऑर्लीनचा मुलगा.

आधीच्या कॉलेजात लागोपाठ सामने हरल्यावर कुणीतरी थेरॉनच्या भाड्याच्या घरापुढे रातोरात 'घर विकणे आहे' अशा पाट्या ठोकल्या होत्या. सकाळी उठून पाहिलं तर अंगणभर तसल्या पाट्या. फोनवर तो हसला होता, पण नंतर त्याने दुकानात जाणंसुद्धा सोडलं. काल तो म्हणाला, "मम्मा, तू त्या लोकांत जाऊन बस. काय बोलतात ते ऐक आणि मला खरं सांग. इथेही तसलीच माणसं असतील तर मी चेंडू ठेवून घरी येतो. मामाच्या गॅरेजात काम करेन." त्याने हे इतक्या शांतपणे सांगितलं की ऑर्लीनला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी बाहेरगावची," ती आता म्हणाली. "हा नवा पोरगा कसा आहे हो?"

"कसा आहे?" रँडल तिच्याकडे वळला. "बाई, तीन वर्षांत हे तिसरं कॉलेज त्याचं! माझ्या मेहुण्याने इतक्या नोकऱ्या बदलल्या नाहीत, आणि तो एक नंबरचा आळशी."

"फेकण्यात मात्र तुझा मेहुणा याला भारी आहे," हॉइट म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, मिस्टर हॉइट. हा येणार हे गावात सगळ्यात आधी मला कळलं. कोचचं विमान कुठे जातं ते मी फोनवर बघत असतो. जानेवारीत ते लुइझियानात लाफायेटला उतरलं आणि अख्खी दुपार जागचं हललं नाही. सांगा बाई, एका पोराला 'येतोस का' विचारायला अख्खी दुपार लागते?"

ऑर्लीनने ओठ दाबले. त्या दुपारी कोचने तिच्या स्वयंपाकघरात कोळंबी घातलेल्या गंबो रश्शाच्या तीन वाट्या रिचवल्या होत्या आणि मग सोफ्यावर चक्क घोरत पडला होता.

"जेवला असेल," ती म्हणाली.

हॉइटने शेंग सोलता सोलता तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी तिच्यापुढे धरली.

"आणि समजा, हा हरला तर?" शेंग घेत तिने विचारलं. "मग काय करता तुम्ही लोक?"

"शिव्या घालतो!" रँडल म्हणाला.

"आणि?"

"आणि काय? घरी जाऊन कुत्र्याला फिरवून आणतो."

"एकदा याने टीव्हीवर बूट मारला होता," हॉइट म्हणाला. "स्वतःच्याच."

ऑर्लीन हसली. मग हसू आवरून तिने म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"हात चांगलाय. पण चेंडू फार वेळ धरून ठेवतो. समोर आपला माणूस मोकळा दिसतोय, तरी सोडत नाही. अजून कुणावर भरवसा नाही त्याचा."

ते तिला टोचलं, कारण ते खरं होतं. रँडल चहा आणायला खाली गेला आणि ती पुन्हा मैदानाकडे बघू लागली.

थेरॉनच्या हातात चेंडू आला. तो मागे सरकला, थांबला, आणखी थांबला. मग त्याने सगळा जोर लावून लांबवर फेकला. तेवढ्यात पांढऱ्यांचा एक धिप्पाड पोरगा धक्का लागून तोल जाऊन थेट त्याच्या अंगावर कोसळला. गेल्या साली ज्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, तोच खांदा खाली आला. बाकांवरचे सगळे उठून उभे राहिले, माना डावीकडून उजवीकडे फिरल्या, मैदान दणाणून गेलं. ऑर्लीनच्या मुठीतल्या शेंगेचा चेंदा झाला. थेरॉन गुडघ्यावर आला. उठला. हात वर करून त्याने खांदा एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"काय झेल घेतला, नाही?" हॉइट म्हणाला.

"वा, अप्रतिम! काय उडी मारली हो त्या निळ्या पोराने."

हॉइट सावकाश खाली बसला.

"बाई, तो चेंडू पांढऱ्यांनी पळवला."

ऑर्लीनने पर्स जवळ ओढली.

"आमचा पोरगा हायस्कूलला असताना चेंडू फेकायचा," तो म्हणाला. "त्याच्या आईने त्याच्या एकाही फेकीचा झेल बघितला नाही कधी. चेंडू सुटला तरी हिची नजर आपली मागेच, पोरावर. घरी जाताना मला विचारायची, पुढे काय झालं म्हणून." त्याने ती बसली होती त्या गादीकडे बोट केलं. "तिचीच आहे ती."

रँडल चहाचे पेले सावरत वर आला. "पाहिलंत ना? दिला की नाही समोरच्यांच्या हातात? आता सांगा बाई, कुठला दिवा लावणार आहे हा?"

ऑर्लीनने हॉइटकडे पाहिलं. आता तो सांगून टाकणार असं तिला वाटलं.

"फार वेळ धरून ठेवतो," हॉइट म्हणाला. "मघाशीच सांगितलं मी यांना. तू बस खाली, मागच्यांना दिसत नाहीये."

संध्याकाळी गाड्यांच्या तळावर तिचा फोन वाजला.

"मम्मा? काय म्हणतात?"

"एक जण म्हणतो, तू तीन कॉलेजं फिरलास, तुझा काय भरवसा. शिव्या घालतो म्हणाला. दुसरा म्हणतो, तू चेंडू फार वेळ धरून ठेवतोस."

थेरॉन म्हणाला, "खरंय ते. आणखी?"

शेजारच्या सीटवर विटकी निळी गादी होती. तिच्यावरचं शेंगेचं टरफल ऑर्लीनने झटकलं.

"आणखी म्हणजे, त्या दुसऱ्यानेच मला बसायला गादी दिलीय. सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्याला परत आणा म्हणाला."